मृतसाठ्यातील जिवंत जग

नांदेड-नायगावकडे वाहत येणाऱ्या गोदावरीचे भवितव्य बऱ्याच अंशी पैठणच्या नाथसागरात ठरते. पाऊस अपुरा झाला की नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून खाली किती पाणी सुटणार, यावर वाद पेटतो. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले, हे योग्यच झाले. परंतु या वादात पिण्याचे, शेतीचे व उद्योगांचे वाटे तेवढे मोजले जातात. जलाशयातील जीवसृष्टीचा वाटा मागणारे कोणी नसते.

1976 मध्ये लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाची मूळ साठवण क्षमता सुमारे 2909 दशलक्ष घनमीटर आहे. त्यांपैकी सुमारे 738 दशलक्ष घनमीटर पाण्यास अभियंत्यांच्या परिभाषेत ‘मृतसाठा’ म्हणतात. वस्तुतः भर उन्हाळ्यात मासे, शिंपले, पाणवनस्पती आणि त्यांवर जगणारे पक्षी तग धरतात ते याच पाण्याच्या आधाराने. दुष्काळात शहरांची तहान भागविण्यासाठी त्यालाही हात घालावा लागतो. पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम हवा, याविषयी दुमत नाही. पण सुकाळात उधळपट्टी करायची आणि दुष्काळात ठेव मोडायची, हा व्यवहार कोणत्याही संसारास परवडणारा नाही.

सपाट प्रदेशात पसरल्यामुळे या जलाशयाच्या कडा उथळ आहेत. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की तेथील चिखलात किडे, गोगलगायी व कोवळे गवत मिळते. त्यासाठी हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. चक्रवाक आणि रोहित पक्षीही उतरतात. 1986 मध्ये येथे पक्षी अभयारण्य घोषित झाले. मात्र याच ओल्या जमिनीवर गाळपेराही होतो. धरणाने ज्यांची शेती गिळली, त्यांना ती जमीन खुणावत असेल तर नवल नाही. प्रश्न एवढाच की, तेथे वापरलेली खते व कीटकनाशके पुढच्या पावसाळ्यात त्याच पाण्यात मिसळतात, आणि तेच पाणी पुढे नळांना येते.

मासेमारीचेही असेच आहे. रोहू, कटला यांसारखे मासे साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यांचे बीज बाहेरून सोडावे लागते. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिलेच उपसली, तर व्याजाऐवजी मुद्दलच खाल्ले जाते. त्याची झळ प्रथम पोहोचते ती पिढीजात मच्छीमाराला.

म्हणून अभयारण्याची पाटी पुरेशी नाही. पाणीवाटपाच्या आराखड्यात जीवसृष्टीसाठी किमान साठा राखून ठेवावा. गाळपेऱ्यात रसायनांना मज्जाव करून पाण्याकाठचा काही पट्टा मोकळा सोडावा. पावसाळी मासेमारीबंदी कसोशीने पाळावी आणि त्या काळात मच्छीमार कुटुंबांना निर्वाहाचे साहाय्य द्यावे. मराठवाड्याने हक्काच्या पाण्यासाठी दीर्घकाळ झगडा दिला आहे. ते पाणी जिवंत ठेवणे हा त्याच झगड्याचा उर्वरित भाग होय.