लंगडणे थांबले, पण घोडा बरा झाला का?

मार्गशीर्ष जवळ आला की घोडेमालकांची लगबग सुरू होते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची. घोड्यांचा बाजार, चालीच्या स्पर्धा आणि शर्यती यांची तयारी दोन-तीन महिने आधीपासून चालते. शहरांतील क्लबांमध्ये अडथळे ओलांडण्याच्या व खुंटे उचलण्याच्या स्पर्धाही होतात. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. तेव्हापासून लहान गावांतील मुलामुलींनाही या खेळाची ओढ वाटू लागली आहे. ही आनंदाची गोष्ट आहे.

मात्र या दिवसांत पशुवैद्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, घोडा लंगडत होता. आठ दिवसांत चांगला झाला. आता पळवायला हरकत नाही ना?"

हरकत आहे, आणि ती का आहे, हेच आज समजून घेऊ.

एका घोडीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एक तरुण आपली सहा वर्षांची घोडी घेऊन आला. शर्यतीला पंधरा दिवस असताना तिच्या डाव्या पुढच्या पायाला, नळीच्या मागच्या बाजूला, बोटभर सूज आली होती. पाय किंचित गरम लागत होता. कोणीतरी दोन इंजेक्शने दिली, तेलाने चोळले. पाचव्या दिवशी घोडी सरळ चालू लागली. सगळ्यांना वाटले, संकट टळले. शर्यतीच्या दिवशी ती निम्म्या अंतरापर्यंत पुढे होती. मग एकाएकी तिचा पाय खाली बसला.

माझ्याकडे आणली तेव्हा नळीमागची शीर धनुष्यासारखी बाहेर आली होती. चौदा महिन्यांनी ती घोडी चालू-फिरू लागली, पण शर्यतीसाठी पुन्हा उभी राहिली नाही. तो तरुण म्हणाला, "ती लंगडत असती तर मी बसलोच नसतो हो!" त्याचे म्हणणे खरे होते. लंगडणे थांबले होते, जखम मात्र तशीच होती. हा फरक त्याला कोणी सांगितला नव्हता.

शीर म्हणजे काय?

येथे शीर म्हणजे रक्ताची शीर नव्हे. स्नायू आणि हाड यांना जोडणाऱ्या दोरासारख्या पट्ट्याला पुस्तकी भाषेत कंडरा म्हणतात. घोड्याच्या पायाला गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतात. वर स्नायू, खाली हाड, आणि मधले सर्व काम या दोरांवर. घोडा चौखूर उधळतो तेव्हा एका क्षणी त्याच्या शरीराचे सारे वजन, वर स्वाराचेही, एकाच पुढच्या पायावर येते. त्या क्षणी शीर रबरासारखी ताणली जाते आणि पुन्हा आखडते. या ताणाताणीत शिरेच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते.

शिरेला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ती सावकाश भरते. जखम झाल्यावर पहिले काही दिवस सूज व उष्णता असते. पुढे काही आठवडे नवे तंतू तयार होतात, पण ते विस्कटलेले व कच्चे असतात. हे तंतू ओढीच्या दिशेने सरळ होऊन घट्ट व्हायला महिनोनमहिने लागतात. दुखणे मात्र पहिल्या काही आठवड्यांतच थांबते. घोड्याला दुखत नाही म्हणून तो पळायला तयार असतो. शीर तयार नसते. बहुतेक घोडे या मधल्या काळात कायमचे जायबंदी होतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नियमित मेहनतीने घोड्याचा दम व स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. शिरा आणि हाडे त्या वेगाने तयार होत नाहीत. म्हणून दम चांगला आहे एवढ्यावरून घोडा तयार आहे असे समजू नये.

दुखापत कशी ओळखावी?

रोज सकाळी, घोडा तबेल्याबाहेर काढण्यापूर्वी, चारही पायांवरून हात फिरवावा. डावा-उजवा पाय ताडून पाहावा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आहे का? शिरेची कड बोटांना स्पष्ट लागते की फुगीर? दाबल्यावर घोडा पाय ओढून घेतो का? या कामाला दोन मिनिटे लागतात. मोतद्दाराला ही सवय लावली तर पुष्कळ अनर्थ टळतात. पहिले लक्षण बहुधा लंगडणे नसते, थोडी उष्णता आणि थोडी सूज असते.

कोणता पाय दुखतो हे ठरवायला कडक, सपाट जमिनीवर घोडा सैल दोरीने दुडकी चालवावा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली आणतो. पुष्कळांची येथेच गफलत होते. डोके ज्या पायावर खाली जाते तोच दुखरा, असे समजून ते चांगल्या पायालाच औषध लावत बसतात.

घोडा पाय टेकवतच नसेल तर ती तातडीची बाब समजावी. हाड मोडलेले असू शकते किंवा खुरात पू झालेला असू शकतो. अशा घोड्याला चालवू नये. डॉक्टरांना जागेवर बोलवावे.

पहिल्या दिवशी काय करावे?

सूज दिसताच रपेट तेथेच थांबवावी. स्वाराने उतरावे. "घरापर्यंत तर नेऊ" म्हणून वर बसून राहू नये. दुखऱ्या भागावर नळाचे थंड पाणी पंधरा-वीस मिनिटे सोडावे आणि दिवसातून तीन-चार वेळा असे करावे. बर्फ असल्यास फडक्यात गुंडाळून लावावा, थेट कातडीवर ठेवू नये. मध्यंतरी कापसाचा जाड थर देऊन पट्टी बांधावी. दुसऱ्या पायावर जास्त भार येतो, म्हणून त्यालाही आधाराची पट्टी द्यावी. कापसाशिवाय आवळून बांधलेली पट्टी स्वतःच शिरेला इजा करते. पट्टी रोज सोडून पाय पाहावा व पुन्हा बांधावी.

पहिल्या दिवसांत गरम शेक देऊ नये, तेल किंवा मलम जोराने चोळू नये. त्याने सूज वाढते.

जखम उघडी असेल किंवा तळव्यात खिळा गेला असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये. पाळीव जनावरांत घोड्याला धनुर्वाताचा धोका फार मोठा असतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की घोडा वाचणे कठीण होते. खिळा शक्यतो डॉक्टरांसमोर काढावा. आधीच काढावा लागला तर कोठे व किती खोल गेला होता याची खूण ठेवावी.

वेदनाशामक: उपयोग आणि धोका

सूज व वेदना कमी करायला घोड्यांमध्ये फेनिलब्युटाझोन हे औषध पूर्वीपासून वापरले जाते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, थोडे दिवस, ते उपयोगी आहे. जास्त मात्रेने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर परिणाम होतो. पण मोठा धोका वेगळाच आहे. वेदना ही घोड्याची राखणदार असते. ती गप्प केली की घोडा दुखऱ्या पायावर बिनधास्त भार टाकतो. इंजेक्शन देऊन स्पर्धेत उतरवणे म्हणजे राखणदाराला झोपवून घर उघडे टाकणे होय. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार वेदनाशामक देऊन घोडा स्पर्धेत उतरवता येत नाही. पल्ल्याच्या शर्यतीत टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य नाडी मोजतात, घोडा दुडकी चालवून पाहतात आणि लंगडणारा घोडा बाद करतात.

माणसांच्या औषधांच्या दुकानातून डायक्लोफेनॅक आणून जनावराला टोचण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे. हे औषध दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन देशातील गिधाडे जवळजवळ संपली. त्यामुळे २००६ साली केंद्र सरकारने जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. २०२३ साली केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांच्यावरही जनावरांसाठी बंदी आली. ही औषधे घोड्याला देऊ नयेत.

डाग देण्याने गुण येतो का?

तापलेल्या सळईने पायाला डाग देण्याची जुनी पद्धत आहे. डाग दिल्यावर शीर घट्ट होते अशी समजूत आहे. ब्रिस्टल विद्यापीठातील पशुवैद्यकांनी याचा पद्धतशीर अभ्यास करून १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डाग दिल्याने शीर लवकर किंवा चांगली भरत नाही, कातडी मात्र जळते, असे त्यांना आढळले. मग पूर्वी गुण का येत असे? कारण डाग दिलेल्या घोड्याला पुढे कित्येक महिने कोणी पळवत नसे. गुण विश्रांतीचा होता, नाव सळईचे झाले.

विश्रांतीचे वेळापत्रक

शिरेची दुखापत नेमकी किती आहे हे हाताने कळत नाही, सोनोग्राफीने कळते. दुखापतीनंतर साधारण आठवड्याने केलेल्या सोनोग्राफीत खरे चित्र दिसते. फार लवकर केली तर नुकसान कमी वाटू शकते. जवळ सोय नसल्यास परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करावी.

मध्यम दुखापतीचे वेळापत्रक ढोबळमानाने असे असते.

पहिले दोन आठवडे तबेल्यात विश्रांती आणि थंड पाणी.

तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत, स्वार न बसता, हाताने धरून फिरवणे. रोज दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू पाऊण तासापर्यंत न्यावे.

तीन ते सहा महिने स्वारासह चाल आणि थोडी थोडी दुडकी.

सहा महिन्यांनंतर हलकी दौड. वेगाची मेहनत व उड्या नऊ ते बारा महिन्यांनंतरच.

प्रत्येक पायरी चढण्यापूर्वी डॉक्टरांना पाय दाखवावा, शक्य असेल तर सोनोग्राफी पुन्हा करावी. मध्येच पाय गरम झाला, सूज आली, तर एक पायरी खाली यावे. नुसते वर्षभर खुंट्याला बांधून ठेवणेही चुकीचे आहे. मोजकी, सरळ रेषेतील चाल मिळाली तरच नवे तंतू ओढीच्या दिशेने जुळतात. आणि या काळात घोड्याला मोकळ्या कुरणात सोडू नये. दोन मिनिटांच्या उधळण्याने चार महिन्यांची मेहनत वाया जाते.

चंदी कमी करा

मेहनत थांबली त्याच दिवशी चंदी कमी करावी. चारा व पाणी पोटभर ठेवावे. "बिचारा आजारी आहे" म्हणून हरभरा वाढवणारे मालक नकळत नुकसान करतात. बांधलेल्या घोड्याला जास्त दाणा मिळाला की पोटशूळ होतो, खुरांचा दाह होतो. विश्रांतीनंतर पूर्ण खुराकावरच्या घोड्याला एकदम कामाला लावले तर पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. रविवारच्या सुटीनंतर गाडीला जुंपलेल्या घोड्यांत हे दिसे, म्हणून युरोपात याला सोमवारचा आजार म्हणत. असे दिसताच घोडा जागेवर थांबवून डॉक्टरांना बोलवावे.

चांगल्या पायाकडेही लक्ष असावे. तो महिनोनमहिने जादा भार वाहतो. त्याचे खूर गरम लागले किंवा खुरावरची नाडी जोरात उडताना जाणवली तर थांबू नये, डॉक्टरांना कळवावे. नालबंदाला साधारण सहा आठवड्यांनी बोलवावे. पुढे फार वाढलेले खूर शिरेवरचा ताण वाढवते.

शेवटी

बरी झालेली शीर पहिल्यासारखी लवचिक राहत नाही, म्हणून दुखापत उलटण्याचा धोका कायम असतो. जो घोडा पुन्हा उभा राहिला त्याला दरवेळी नीट गरम करून घ्यावे, खोल चिखलात वा फुफाट्यात पळवू नये, थकल्यावर आणखी एक फेरी घेऊ नये.

आपल्या भागातील साध्या कुटुंबाला घोडा म्हणजे एखाद्या शेताइतकी ठेव असते. यात्रा दरवर्षी येते. एक यात्रा चुकली तर पुढची मिळते. गेलेला पाय मिळत नाही. तेव्हा पुढच्या वेळी घोडा सरळ चालू लागला की "आता पळवू का?" असे विचारण्याआधी तारीख पाहावी. दुखापतीला किती महिने झाले, हे मोजावे.