परसातली कोथिंबीर : दसऱ्याकडून दिवाळीकडे

गेल्या दहा-बारा वर्षांचा मागोवा घेतला, तर जिंतूरच्या परसात धने टाकायची वेळ हळूहळू पुढे सरकलेली दिसते. पूर्वी घट उठले की वाफा खुरपायचा. हस्ताचा पाऊस तोवर सरलेला असे, रात्री गार पडू लागत आणि दिवाळी झाल्यावर वडीपुरती कोथिंबीर घरचीच निघे.

२०१५ च्या दुष्काळात मात्र पाण्याचा प्रश्न आला. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, यावरून मराठवाड्याची अवस्था कळावी. तरीही त्या हिवाळ्यात भाज्या धुतलेल्या पाण्यावर दोन हात लांबीचा वाफा जगला. कोथिंबिरीला पाणी थोडंच लागतं, फक्त त्यात खंड नको. २०१६ च्या सप्टेंबरअखेर उलटं झालं. पाऊस कोसळला, काळ्या मातीत पाणी तुंबलं आणि कोवळी रोपं पिवळी पडून बसली. इथल्या जमिनीत पावसाळी कोथिंबीर घ्यायचीच असेल, तर वीतभर उंच गादीवाफ्याला पर्याय नाही.

थंडीचं भय बाळगायचं कारण नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर परभणीचा पारा पाच अंशांच्या खाली गेला, तेव्हा पानांवर तांबूस झाक आली, वाढ थबकली, एवढंच. खरा वैरी उन्हाळा. २०१९ च्या एप्रिलमध्ये पारा ४५ च्या पुढे होता. एवढ्या उन्हात कोथिंबीर पानं धरतच नाही. दांडा उंच जातो, पानं शेपूसारखी बारीक होतात आणि झाड फुलोऱ्यावर येतं. पाणी कितीही घाला, ते मागे फिरत नाही. अशी झाडं उपटू नयेत असं माझं ठाम मत आहे. मधमाश्यांची सोय होते आणि पुढच्या पेरणीचे धने घरात येतात.

२०२० मध्ये हवामान खात्याने मोसमी पावसाच्या तारखा नव्याने ठरवल्या. राजस्थानातून माघारीची सुरुवात १ ऐवजी १७ सप्टेंबरला धरली गेली. परसात जे जाणवत होतं, त्याला त्या कागदाने दुजोराच दिला. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाडाभर अतिवृष्टी झाली, गोदाकाठ पुराखाली गेला. त्या वर्षी दसऱ्याला माती हातात धरवत नव्हती, चिखलच होता. दिवाळीत वाफसा आला तेव्हा कुठे बी पडलं.

म्हणून आता तारखेपेक्षा पहाट बघावी. अंगावर पांघरूण ओढावंसं वाटू लागलं की धने हलके रगडून दोन डाळी करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल पेरायच्या. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात, सव्वा-दीड महिन्यात काढणी. सगळा वाफा एकदम पेरू नये. दर पंधरवड्याला एक ओळ टाकावी आणि शेवटची ओळ संक्रांतीनंतर फार लांबवू नये, कारण महाशिवरात्र झाली की इथलं ऊन दांडे काढू लागतं.