विसरलेल्या विद्येची उजळणी

गेल्या वर्षीं श्रावणांत आमचा भाचा पांच महिन्यांकरितां आमच्या घरीं राहावयास आला. आमच्या भगिनीनें दूरध्वनीवर सांगितलें तें एवढेंच, "दादा, तो घरांत कोणाशीं बोलत नाहीं. कांहीं दिवस तुझ्याजवळ ठेवून घे." रशियांत सहा वर्षें राहून तो वैद्यकाची पदवी घेऊन आला होता, परंतु परदेशची पदवी घेतलेल्या भारतीयांस येथें वैद्यकी करण्याचा परवाना मिळण्यापूर्वीं जी चाळणी परीक्षा द्यावी लागते, तींत त्यास बारा गुण कमी पडले. शिक्षणापायीं वडिलांनीं राहतें घर गहाण टाकलेलें, आणि मुलास मात्र येथें एक औषधही लिहून देण्याचा अधिकार नाहीं, अशा पेचांत तें कुटुंब सांपडलें होतें. आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या घरीं हाच प्रसंग येऊन गेला असेल. म्हणून हें लिहीत आहों.

ही परीक्षा २००२ सालीं सुरू झाली. दिल्लीचें राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षांतून दोनदां घेतें. एका दिवसांत ३०० प्रश्न, दीडशें-दीडशेंचे दोन भाग, प्रत्येक भागास अडीच तास. चुकल्यास गुण वजा होत नाहींत आणि १५० गुणांस विद्यार्थी उत्तीर्ण. अर्धे गुण मिळविणें तें काय अवघड, असें प्रथम आम्हांसही वाटलें. पण त्या तीनशेंपैकीं शंभर प्रश्न शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, औषधिविज्ञान अशा, आरंभींच्या वर्षांतच संपलेल्या विषयांवर असतात. शेवटच्या वर्षीं मुलगा रुग्णालयांत रोगी पाहूं लागतो, तोंवर खांद्यापासून हातांत उतरणाऱ्या मज्जातंतूंची ती गुंतागुंतीची जाळी मनांतून केव्हांच पुसट झालेली असते.

पहिला पंधरवडा आम्ही कांहीं बोललों नाहीं. तो पहाटे पांचास उठे, जीवरसायनाचा जाड ग्रंथ उघडी, तांबड्या-हिरव्या शाईनें ओळीमागून ओळ रंगवी, आणि रात्रीं मिटलेल्या ग्रंथाकडे पाहत बसे. एके रात्रीं म्हणाला, "मामा, वाचतांना सगळें ओळखीचें वाटतें. पुस्तक मिटलें कीं कांहीं उरत नाहीं. हें मला कधीं आलेंच नव्हतें कीं काय?"

येथें आम्हांस थोडी लाज वाटली, ती सांगितली पाहिजे. तेहेतीस वर्षें वर्गांत 'पुन्हां वाचा, दहा वेळां वाचा' हाच उपदेश आम्हीं केला. ज्या पाठशाळेंत आम्ही संस्कृत शिकलों तेथील गुरुजी मात्र असें कधींच सांगत नसत. ते पोथी मिटवून विचारीत. अडलें तरी लगेच सांगत नसत. आपण तोंडाकडे पाहत राहावें, त्यांनीं सुपारी कातरीत राहावें. फारच झालें तर एक अक्षर देत आणि पुन्हां थांबत. वैदिकांची रीति याहून कडक. क्रमांत पहिलें पद दुसऱ्याशीं, दुसरें तिसऱ्याशीं जोडावयाचें. जटेंत तींच दोन पदें सुलट, उलट, पुन्हां सुलट. नुसत्या ओघावर म्हणणाराची तेथें तात्काळ फजिती होते.

भाच्याच्या प्रश्नाचें उत्तर एका जर्मन पंडितानें १८८५ सालींच देऊन ठेवलें आहे. हेर्मान एबिंगहाउस यानें निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि ठराविक काळानें त्याच पुन्हां पाठ करून पाहिल्या. मौज अशी कीं, त्याचें मुख्य माप किती आठवलें हें नव्हे, तर दुसऱ्या खेपेस श्रम किती वांचले हें होतें. वीस मिनिटांनीं बचत शेंकडा ५८, एका दिवसानें ३४, आणि एकतीस दिवसांनींही २१. म्हणजे सर्वस्वीं गेलें असें वाटतें त्याचाही अंश शिल्लक असतो. तो पुन्हां शिकूं लागल्यावांचून दिसत नाहीं, इतकेंच. आम्हीं भाच्यास एक प्रयोग करावयास लावला. ज्या क्रेब्सच्या चक्रापायीं पहिल्या वर्षीं त्याचा आठवडा गेला होता, तें ग्रंथ मिटून कागदावर मांडावयाचें. अडेल तेथें जागा कोरी सोडावयाची. मग ग्रंथ उघडून तेवढींच घरें भरावयाचीं. तिसऱ्या दिवशीं चक्र निर्दोष उतरलें. त्या संध्याकाळीं तो प्रथमच आमच्याबरोबर टेकडीवर फिरावयास आला.

अमेरिकेंत रोडिगर व कार्पिकी या दोघांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोगही असाच आहे. विद्यार्थ्यांनीं एक उतारा वाचला; मग कांहींनीं तो पुन्हां वाचला, तर कांहींनीं न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं पाहतां पुन्हां वाचणारे सरस ठरले. आठवड्यानें मात्र त्यांना शेंकडा ४२ भाग आठवला आणि लिहिणारांना ५६. त्या पांच मिनिटांच्या सरशीनेंच आमच्या भाच्यास पहिल्या खेपेस फसविलें होतें.

पुढें आम्हीं मिठाईच्या खोक्यांत पुठ्ठ्याचे पांच कप्पे केले. ही युक्ति सेबास्टियन लाइटनर या लेखकानें १९७२ सालीं प्रसिद्ध केली. कार्डाच्या एका अंगास प्रश्न, दुसऱ्या अंगास उत्तर. बरोबर आलें तर कार्ड पुढच्या कप्प्यांत, चुकलें तर थेट पहिल्यांत. पुढच्या कप्प्यांची पाळी उत्तरोत्तर उशिरा येते. हेंच काम करणारी 'आंकी' नांवाची संगणकाची सोय २००६ पासून आहे व ती भाच्याच्या फोनांतही होती; पण फोनांत इतरही पुष्कळ कांहीं असतें. रोज सकाळीं त्याची मामी पोळ्या लाटतां लाटतां कार्डें विचारी. तिला तीं इंग्रजी नांवें उच्चारतां येत नसत, म्हणून तो दुरुस्त करी, आणि दुरुस्त करतांना त्याचेंच पक्कें होई. आमचें साहाय्य इतकें फळलें नाहीं. मनगटाच्या आठ हाडांवर आम्हीं मोठ्या हौसेनें एक अनुष्टुप् रचला. भाच्यास चाल पाठ झाली, हाडें राहिलीं.

थंडींत परीक्षा झाली. निकालांत १६३ गुण आले, आणि हल्लीं तो एका रुग्णालयांत उमेदवारी करीत आहे. एक कार्ड मात्र शेवटपर्यंत पहिल्या कप्प्यांतून हललें नव्हतें: रक्ताचें रंगद्रव्य शरीरांत बनतें त्याच्या पायऱ्या. नेमका त्यावरच प्रश्न आला आणि तो चुकला, असें परीक्षेहून येतांच त्यानें सांगितलें. पानें वाढलेलीं होतीं. तो बसला नाहीं. कागद घेऊन त्यानें उभ्यानेंच त्या पायऱ्या लिहिल्या, कार्डाशीं ताडून पाहिल्या, आणि तें कार्ड दुसऱ्या कप्प्यांत टाकून मग जेवावयास आला.