पिरेअसच्या मंडळांचे कृतज्ञतेचे दप्तर

अथेन्सची थोरवी सांगताना आपण पार्थेनॉनच्या स्तंभांपाशी आणि पेरिक्लीझच्या लोकसभेपाशी थांबतो. परंतु तेथील सामान्य माणसाचे धर्मजीवन पाहावयाचे असेल, तर त्या नगराच्या बंदरात, पिरेअसला, उतरले पाहिजे आणि तेथील लहान लहान धर्ममंडळांनी आपल्या उपकारकर्त्यांच्या गौरवार्थ कोरून ठेवलेले ठराव वाचले पाहिजेत.

परदेशी व्यापारी, खलाशी व कारागीर आपापली दैवते घेऊन या बंदरात स्थायिक झाले होते. मात्र परक्यास अ‍ॅटिकात जमीन धारण करण्याचा हक्क नसल्यामुळे देवळाच्या जागेसाठीही लोकसभेकडे अर्ज करावा लागे. इ. स. पूर्व ३३३ मध्ये सायप्रसमधील किटिऑनच्या व्यापाऱ्यांनी अफ्रोडाइटीच्या मंदिराकरिता असा अर्ज केला, तेव्हा मुत्सद्दी लायकर्गस याने, इजिप्तच्या लोकांना इसिसच्या मंदिरासाठी पूर्वी दिलेल्या मंजुरीचा दाखला देऊन, तो मान्य करवून घेतला. जागा मिळाली तरी यज्ञ, मेजवान्या, डागडुजी आणि सभासदांचे अंत्यविधी यांचा खर्च मंडळांना वर्गणीतूनच भागवावा लागे. आणि वर्गणी अपुरी पडली म्हणजे कोणातरी सभासदाच्या औदार्यावरच सारा कारभार चाले.

हे औदार्य धनिकांचीच मिरासदारी नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीस अफ्रोडाइटीच्या भक्तमंडळाने ज्या स्टेफानोसचा सन्मान केला, तो चिलखते घडविणारा कारागीर होता, आणि अ‍ॅडोनिसच्या उत्सवाची मिरवणूक त्याने पूर्वापार रिवाजाप्रमाणे काढली, हे त्याचे एक सत्कृत्य म्हणून ठरावात नमूद आहे. देवमातेच्या मंडळात तर पुजारिणींचाही असाच गौरव होत असे. नगराच्या राज्यकारभारात ज्या कारागिरास वा स्त्रीस मताचा अधिकार नव्हता, त्यांचे नाव या छोट्या सभांत सर्वांसमक्ष पुकारले जाई.

याच देवमातेच्या मंडळाचा खजिनदार हर्मायोस याच्याविषयीचा इ. स. पूर्व १७८-१७७ चा ठराव मला या सर्व दप्तरात अधिक मोलाचा वाटतो. त्याने कित्येक वर्षे हिशेब सांभाळला, वेळप्रसंगी पदरमोड केली, आणि एखादा सभासद निवर्तला असता तिजोरीत शिल्लक नसली, तर मरणोत्तरही त्याची अप्रतिष्ठा होऊ नये म्हणून दफनाचा खर्च आगाऊ दिला. मंडळाने त्यास मुकुट अर्पण केला, त्याची तसबीर मंदिरात लावण्याचे ठरविले आणि ठराव शिळेवर कोरविला.

या ठरावांची घडण जवळजवळ कायद्याच्या कलमांसारखी असे: प्रथम सत्कृत्यांची नोंद, मग प्रशंसा व मुकुट, पुढे यज्ञप्रसंगी जाहीर घोषणेची तरतूद, आणि शेवटी, मंडळ उपकार विसरत नाही हे जाणून इतरांनीही चढाओढीने पुढे यावे, असा स्पष्ट हेतू. काही ठरावांत तर घोषणा करण्यास चुकणाऱ्या कारभाऱ्यांना ५० द्राख्मांचा दंड, तोही देवीच्या खाती जमा करावयाचा, अशी सक्ती आहे. कृतज्ञता कोणाच्या लहरीवर न सोडता तिला अंमलबजावणीची जोड देणारी ही योजना विलक्षण शहाणपणाची होती.

डेलोस बेटावर हीच पद्धती ऐश्वर्याला पोहोचली. बेरिटसच्या, म्हणजे आजच्या बैरूतच्या, व्यापारी, नौकावाहक व वखारवाले यांच्या पोसायडनभक्त मंडळाने, दुसऱ्या शतकात, मार्कस मिनाटियस या रोमन सावकारास पुतळा, चित्र, सुवर्णमुकुट आणि त्याच्या नावाचा वार्षिक दिवस बहाल केला. कारण त्याने कर्जावरील व्याज सोडून दिले होते आणि वास्तू पुरी करण्यासाठी ७,००० द्राख्मा देणगी दिली होती. येथे मानाचे मोल देणगीच्या आकाराने ठरू लागल्याचे दिसते, आणि धनवंताच्या अनुग्रहावर जगणाऱ्या संस्थेपुढील धोकाही त्यात सूचित होतो.

म्हणूनच मिनाटियसच्या पुतळ्यापेक्षा हर्मायोसच्या तसबिरीकडे माझे मन अधिक ओढ घेते. ज्या मंडळाने सोबत्याच्या दफनासाठी केलेली पदरमोड, देवळाच्या बांधकामाइतकीच, शिळेवर नोंदवण्याजोगी मानली, त्याला धर्मसंस्था कशासाठी उभारावयाची, याचे उत्तर नेमके सापडले होते. आजच्या आमच्या मंडळांनी आपल्या मानपत्रांचे निकष तपासताना ते अवश्य विचारात घ्यावे.