थीम बदलली तरी सात स्लाइड निळ्याच का राहतात?

(हे या भागाचं शब्दांकन. कॉम्प्युटरसमोर बसून एकेक गोष्ट करून बघायची असेल तर हे पान शेजारी उघडं ठेवा. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ जमतील तेवढे काढलेत.)

आजचा भाग एका मॅडमच्या व्हॉइस मेसेजमुळे होतोय. त्या ज्युनियर कॉलेजात शिकवतात. विभागाचं एक ४२ स्लाइडचं पॉवरपॉइंट त्यांच्याकडे आलंय. इतक्या वर्षांत ते चार-पाच जणांच्या हातून गेलंय आणि प्रत्येकाने आपापला रंग लावलाय. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत सांगतो: “दादा, मी डिझाइनमध्ये जाऊन साधी पांढरी थीम लावली. बऱ्याच स्लाइड पांढऱ्या झाल्या, पण सात निळ्याच राहिल्या. कोपऱ्यातला जुना लोगो तर क्लिकच होत नाही. नवीन फाइल करून सगळं परत टाइप करू का?”

मॅडम, टाइप अजिबात करू नका. आणि मंडळी, तुम्हीही ‘रिसेट’ नावाचं बटण दिसलं म्हणून लगेच दाबू नका. का, ते सांगतो.

आधी ही फाइल आतून कशी असते ते बघू. २००७ पासूनची पॉवरपॉइंटची फाइल ही खरं तर एक झिप फाइल आहे. तिची एक कॉपी करा, नावाच्या शेवटी झिप लिहा आणि उघडा. आत थीमचा वेगळा फोल्डर दिसेल, मास्टरचा वेगळा, लेआउटचा वेगळा आणि स्लाइडचा वेगळा. आपल्याला पडद्यावर एकच चित्र दिसतं, पण ते या थरांनी मिळून बनलेलं असतं. थीममध्ये १२ रंग, मथळ्याचा एक फॉन्ट, मजकुराचा एक फॉन्ट आणि काही इफेक्ट असतात. मास्टर आणि लेआउट सांगतात की मथळा कुठे, मजकूर कुठे, मागे काय. आणि शेवटी स्लाइडवर आपण हाताने केलेले बदल.

शाळेच्या गणवेशासारखं समजा. शाळेने गणवेश निळ्याचा पांढरा केला. पण ज्या मुलाने वरून स्वतःचा स्वेटर घातलाय, तो स्वेटरच्याच रंगाचा दिसणार. मॅडमच्या त्या सात स्लाइडनी स्वेटर घातलाय. कोणीतरी कधीतरी फक्त त्या स्लाइडना वेगळं बॅकग्राउंड दिलं होतं, आणि थीम बदलली म्हणून ते निघत नाही.

रंगांचंही तसंच. रंग निवडायची खिडकी उघडली की वर ‘थीम कलर्स’ असतात, खाली ‘स्टँडर्ड कलर्स’ आणि ‘मोअर कलर्स’. वरचा रंग घेतला तर फाइलमध्ये “थीमचा अमुक क्रमांकाचा रंग” अशी नोंद होते, आणि थीम बदलली की तो रंग बदलतो. खालचा घेतला तर तो रंग जसाच्या तसा लिहिला जातो. मग तुम्ही दहा थीम बदला, लाल तो लालच. आपल्याकडच्या बहुतेक फाइलींमध्ये मथळा खालच्या लाल रंगात असतो, हा माझा अनुभव!

आता ‘रिसेट’ दाबू नका असं का म्हणालो. हा भाग मराठी प्रेझेंटेशनवाल्यांनी नीट वाचा, इंग्रजी व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी बचत गटाच्या ताईंसाठी एक प्रशिक्षण होतं. कर्जाचे हप्ते, व्याज, पासबुक कसं वाचायचं, असा विषय. जुनी फाइल मिळाली होती, भडक होती. आदल्या रात्री मी सगळ्या स्लाइड सिलेक्ट केल्या, साधी थीम लावली, रिसेट दाबलं, पहिली स्लाइड बघितली, छान दिसली, सेव्ह केलं आणि झोपलो. पहिल्या स्लाइडवर फक्त फोटो होता. सकाळी हॉलमध्ये दुसरी स्लाइड आली आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. चाळीस जणी समोर. मूळ फाइल मी त्याच नावाने सेव्ह करून पुसून टाकलेली. दोन तास फळ्यावर खडूने हप्ते मांडले.

झालं काय होतं? फाइलमधलं मराठी युनिकोडमध्ये नव्हतं. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो, फॉन्ट फक्त त्याला देवनागरी रूप देतो. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिलं की फाइलमध्ये एच, के, के, जे, आर अशी पाच अक्षरं साठतात. रिसेट हा हाताने दिलेला फॉन्ट काढून थीमचा फॉन्ट लावतो, म्हणजे कॅलिब्री किंवा तसलं काहीतरी. रूप गेलं, उरली ती पाच अक्षरं.

मजकूर नष्ट होत नाही, हे लक्षात ठेवा. तोच जुना फॉन्ट परत दिला की मराठी परत दिसतं. पण तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर असायला हवा. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर नव्हता.

ओळखायचं कसं? सोपं आहे. फाइल उघडून कंट्रोल-एफ करा आणि समोर दिसणारा एखादा शब्द नेहमीच्या मराठी कीबोर्डने, म्हणजे मोबाइलवर टाइप करतो तसा युनिकोडमध्ये लिहून शोधा. डोळ्यांसमोर ‘व्याज’ लिहिलंय आणि शोधून सापडत नाही, तर तो जुना फॉन्ट आहे. (शब्द चित्रात असेल तरी सापडणार नाही, त्यामुळे मजकुरात कर्सर नेऊन फॉन्टचं नावही बघा.) मग आधी तो मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायचा, जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालून घालायचे, आणि नंतरच थीमला हात लावायचा. युनिकोड मजकुराला ही भीती नाही. फॉन्ट बदलला तरी अक्षर देवनागरीच राहतं, फार तर मंगल किंवा निर्मलामध्ये दिसेल.

हे तपासून झालं? आता मॅडमच्या फाइलकडे वळू.

पहिलं काम, ‘सेव्ह अ‍ॅज’ करून वेगळ्या नावाची कॉपी. माझी सकाळ आठवा.

मग डिझाइन टॅब, थीमची रांग. तिथे ‘ऑफिस थीम’ शोधा, पण साधं क्लिक न करता राइट क्लिक करून ‘अप्लाय टू ऑल स्लाइड्स’ घ्या. चार जणांच्या हातून गेलेल्या फाइलमध्ये मास्टरही तीन-चार असतात, आणि साध्या क्लिकने एकाच मास्टरवरच्या स्लाइड बदलू शकतात. मॅडमच्या काही स्लाइड राहिल्या त्याचं हेही कारण असू शकतं.

तरीही निळ्या राहिलेल्या स्लाइड डावीकडच्या पट्टीत कंट्रोल दाबून निवडा. डिझाइनमध्येच ‘व्हेरियंट्स’चा छोटा बाण, त्यात ‘बॅकग्राउंड स्टाइल्स’, आणि त्याच्या तळाशी ‘रिसेट स्लाइड बॅकग्राउंड’. स्वेटर निघाला. होम टॅबवरचं रिसेट बॅकग्राउंडला हात लावत नाही, म्हणून हे वेगळं करावं लागतं. आणि बॅकग्राउंड म्हणून वाटणारी गोष्ट कधीकधी स्लाइडभर ताणलेला फोटो असते. क्लिक केल्यावर कडेला गोल टिंबं आली तर तो फोटो आहे, डिलीट करा.

लोगो क्लिक होत नाही, कारण तो स्लाइडवर नाहीच, मास्टरवर आहे. व्ह्यू टॅब, ‘स्लाइड मास्टर’. डावीकडे सगळ्यात वर मोठी स्लाइड दिसते तो मास्टर, त्याखाली लहान लहान लेआउट. कोणीतरी मास्टरवर हाताने ठेवलेली चित्रं थीम बदलली तरी मागे राहू शकतात. लोगो निवडून डिलीट करा. मास्टरवर नसेल तर एखाद्या लेआउटवर असेल, एकेक बघा. तिथेच जुन्या थीमचे अनाथ लेआउटही दिसतील. लेआउटवर माउस नेला की तो किती क्रमांकाच्या स्लाइडवर वापरलाय ते दिसतं, आणि कुठेच वापरला नसेल तर खुशाल काढून टाका.

आता रिसेट. डावीकडच्या पट्टीत एका स्लाइडवर क्लिक, कंट्रोल-ए, होम टॅब, रिसेट. मथळे आणि मजकुराचे चौकोन लेआउटने ठरवलेल्या जागी, त्याच आकाराचे होतील, फॉन्ट आणि रंग थीमचे येतील. मजकूर तसाच राहतो.

आणि इथे बऱ्याच जणांची निराशा होते, कारण काही स्लाइड जागच्या हलत नाहीत. रिसेट फक्त प्लेसहोल्डरवर चालतं, म्हणजे ‘क्लिक टू अ‍ॅड टायटल’ असं लिहून येणाऱ्या चौकोनांवर. ‘इन्सर्ट’मधून टेक्स्ट बॉक्स घेऊन मजकूर लिहिला असेल, तर तो पॉवरपॉइंटच्या दृष्टीने नुसती वस्तू आहे. आपल्याकडे तर कोरी स्लाइड घ्यायची आणि तिच्यावर टेक्स्ट बॉक्स टाकत सुटायचं, हीच रीत. ओळखायला व्ह्यूमधलं ‘आउटलाइन व्ह्यू’ उघडा. तिथे जो मजकूर दिसत नाही, तो टेक्स्ट बॉक्समध्ये आहे. अशा स्लाइडला होममधून ‘टायटल अँड कंटेंट’ लेआउट द्या, मजकूर कट करून चौकोनात पेस्ट करा, ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडून. हे हातकाम आहे, त्याला बटण नाही. पण निदान मथळे तरी योग्य चौकोनात न्या, वर्गात कोणी स्क्रीन रीडर वापरत असेल तर त्याला स्लाइड मथळ्यावरूनच ओळखता येते.

फाइल फारच बिघडलेली असेल तर दुसरा रस्ता. नवी कोरी फाइल उघडा, जुन्यातल्या सगळ्या स्लाइड कॉपी करून तिच्यात पेस्ट करा आणि पेस्टच्या पर्यायात ‘यूज डेस्टिनेशन थीम’ ठेवा. जुने मास्टर मागेच राहतात. मी हल्ली बहुतेक वेळा हेच करतो. स्वेटर आणि टेक्स्ट बॉक्स मात्र इथेही सोबत येतात.

एक छोटी अडचण सांगायची राहिली. ‘ऑफिस थीम’ हे नाव एकच, पण चीज एकच नाही. २०२३ पासून नव्या ऑफिस थीममध्ये अ‍ॅप्टोस फॉन्ट आहे, त्याआधी कॅलिब्री होता. घरच्या नव्या लॅपटॉपवर फाइल केली आणि कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडली, तर अ‍ॅप्टोस नसल्यामुळे दुसरा फॉन्ट येतो आणि इंग्रजी ओळी कुठेही तुटतात. नव्या पॉवरपॉइंटमध्ये जुनी थीमही ‘ऑफिस थीम २०१३ – २०२२’ नावाने मिळते. मॅडम, तुमच्याकडे ती घ्या. आणि दर नवी फाइल तशीच उघडावी असं वाटत असेल तर त्या थीमवर राइट क्लिक करून ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट थीम’.

गुगल स्लाइड्स वापरणाऱ्यांना ‘थीम’ उघडून ‘सिंपल लाइट’ घ्यायची आहे, आणि हट्टी बॅकग्राउंडसाठी ‘बॅकग्राउंड’च्या खिडकीत थीमप्रमाणे रिसेट करायची सोय आहे. जुन्या फॉन्टची परीक्षा तिथेही आधी करायची, कारण ते फॉन्ट तिथे नसतातच.

मॅडमनी त्यांची फाइल पाठवली होती, परवानगी घेऊन सांगतो. ४२ पैकी ११ स्लाइड जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्या ११ आधी कन्व्हर्ट करा, मग थीम. तुमच्या फाइलमध्ये याहून वेगळं काही अडकलं असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, आणि फाइल पाठवत असाल तर विद्यार्थ्यांची नावं, मार्क असलेल्या स्लाइड काढून मगच पाठवा. भेटू पुढच्या भागात.