सागरी शांततेची परिभाषा आणि कोकणचा किनारा

१८ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य नौका लागली. तीत तीन एके-४७ रायफली व काडतुसे आढळली. १९९३ साली जवळच्याच शेखाडी येथे स्फोटके उतरविण्यात आली होती. त्यामुळे परिसरात चिंता पसरणे स्वाभाविक होते. शासनाने त्याच दिवशी विधानसभेत खुलासा केला. 'लेडी हान' ही नौका मस्कतहून युरोपकडे निघाली असता २६ जून रोजी तिचे इंजिन निकामी झाले. कोरियाच्या युद्धनौकेने खलाशांची सुटका केली. परंतु समुद्र खवळलेला असल्याने नौका ओढून नेता आली नाही व ती वाहत आली.

एखाद्या खाजगी नौकेवर रायफली असाव्यात हे नवल वाटते. त्यासाठी समुद्री चाचेगिरीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय मोहिमांची पार्श्वभूमी व परिभाषा समजून घेणे इष्ट ठरेल.

सोमालियाच्या किनाऱ्यावरील चाचेगिरी रोखण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २ जून २००८ रोजी ठराव क्रमांक १८१६ संमत केला. सोमालियाच्या सरकारची 'संमती' हा त्याचा आधार होता. ठरावात 'सर्व आवश्यक उपाय' योजण्याची मुभा होती. हे शब्द सौम्य वाटतात. परंतु परिषदेच्या परिभाषेत त्यांत शस्त्रबळाचा वापरही अंतर्भूत असतो. अशा ठरावाने मिळणारा अधिकार व त्याची मर्यादा म्हणजे 'मँडेट'. शस्त्र केव्हा व किती वापरावे हे ठरविणारी नियमावली म्हणजे 'रूल्स ऑफ एंगेजमेंट'. व्यापारी जहाजांना युद्धनौकेने सोबत करणे म्हणजे 'एस्कॉर्ट'. भारतीय नौदल ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात हे कार्य करीत आले आहे.

'हाय रिस्क एरिया', म्हणजेच अतिधोक्याचे क्षेत्र, ही संज्ञा मात्र जहाज व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संघटनांची. २०१० साली तिची पूर्व सीमा ७८ अंश रेखांशापर्यंत नेण्यात आली आणि कोकणासह भारताचा संपूर्ण पश्चिम किनारा तीत आला. चाच्यांना टाळण्यासाठी जहाजे किनाऱ्याजवळून जाऊ लागली व अनेकांवर सशस्त्र रक्षक आले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ 'एन्रिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांच्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमारांचा बळी गेला. मच्छीमारांची होडी चाच्यांची समजली गेली, असा बचाव करण्यात आला. १० कोटी रुपयांच्या भरपाईनंतर २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण बंद केले. भारताने या सीमेस सातत्याने आक्षेप घेतला. डिसेंबर २०१५ मध्ये ती ६५ अंशांपर्यंत मागे सरली आणि १ जानेवारी २०२३ रोजी हे क्षेत्रच रद्द झाले.

नकाशावरील एका रेषेने मच्छीमाराची होडी संशयास्पद ठरते, हा यातील बोध होय. किनाऱ्यावरील शिक्षक व पंचायत सदस्यांनी या संज्ञांचा अर्थ ग्रामस्थांना समजावून दिल्यास अफवांना आळा बसेल. बेवारस नौका दिसल्यास तिला हात न लावता सागरी पोलिसांना १०९३ किंवा तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर त्वरित कळवावे. हरिहरेश्वरसारख्या गावाच्या दक्षतेवरच सागरी शांततेचा भार मोठ्या प्रमाणावर विसंबून आहे.