आभासी यंत्राची कोठी
मालवणच्या बाजारपेठेतील एखाद्या पेढीची जुनी हिशेबप्रणाली जेव्हा २५६ जीबीच्या डिस्कवर व्हर्च्युअल मशीनमध्ये जतन केलेली असते, तेव्हा तिच्या नावे मुक्रर केलेली १०० जीबीची मर्यादा आणि तिने प्रत्यक्ष व्यापलेली जागा यांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे ठरते. कारण ‘डायनॅमिक’ प्रकारची डिस्क-फाईल प्रारंभी अल्प असली, तरी भरतीसारखी चढत जाते आणि आतले दप्तर खोडले, तरी आपण होऊन ओसरत नाही. आतील रिकाम्या जागेवर शून्ये लिहून, यंत्र बंद करून, ते चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरला ‘कॉम्पॅक्ट’ची आज्ञा दिली, म्हणजे ही व्हीडीआय प्रकारची डिस्क-फाईल आकसते. पावसाळ्यात वीज जाण्याच्या धास्तीने घेतलेले यंत्रस्थितीचे स्नॅपशॉट तर अधिकच जागा खातात, आणि ते बॅकअप मुळीच नव्हेत: बॅकअप निराळ्या डिस्कवरच हवा.